खालच्या खणातली अर्धी जागा

मेलेल्या माणसांचे कपडे मी आयुष्यभर इतके हाताळले आहेत की, कपड्यांत आत्मा राहत असता तर अर्ध्या मेहकर तालुक्याची भुतं माझ्या मागे घरी आली असती. एकही आलं नाही. हा भुताखेतांच्या अनुभवांचा ग्रुपसुद्धा मी करमणूक म्हणून वाचायचे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईल उघडायचा... कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीपुढे पांढरं कुत्रं आडवं गेलं... वाचायचं, हसायचं, बंद करायचं. आज मीच लिहायला बसले आहे. हसायचं असेल तर हसा. पण कमेंटमध्ये 'उंदीर असतील ताई' असं लिहू नका. उंदीर साडी कुरतडतो. घडी न मोडता ती बाजूला सारून ठेवत नाही.

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई तुम्ही पाहिली असेल. भर दुपारी दारात येते आणि एका पातेल्यावरून तुमच्या आईशी तासभर हुज्जत घालते. ती मी. नवरा गेला तेव्हा मुलगी कडेवर होती. डोक्यावर भांड्यांचं टोपलं, पाठीला कपड्यांचं गाठोडं — जानेफळ, हिवरा आश्रम, मधली सगळी खेडी मी पायाखाली घातली. आता फिरत नाही. मेहकरात स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे, मागे दोन खोल्या, वर स्लॅब. आता फिरणाऱ्या बायका माझ्याकडून भांडी नेतात आणि जमलेली गाठोडी माझ्याच ओट्यावर आणून सोडतात. हे कुणाच्या मेहेरबानीने उभं राहिलेलं नाही. भाव करून उभं केलंय.

आणि भाव कसा करतात तेही सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. घरवाली म्हणते, एवढ्या साड्यांवर ती परात दे. तिचं पहिलं बोलणं कधीच मान्य करायचं नसतं. 'नाही परवडत' म्हणायचं, टोपलं डोक्यावर घ्यायचं आणि चालायला लागायचं. भराभर नाही, सावकाश. मागे वळून पाहायचं नाही. फाटकाची कडी काढायच्या आत हाक येतेच... "अवं भांडेवाली, ये वं वापस! घे तुह्या भावात!" ज्या बाईने रागाने दार आपटलं, ती खिडकीतून ओरडायची. मला हाक आली नाही असं कधी झालं नव्हतं.

माझी मुलगी वर्षा. एकुलती एक. पहिल्या भाड्याच्या खोलीत आमच्याकडे कपड्यांची एकच पत्र्याची पेटी होती. ही शाळेतून आली की पेटी उघडायची आणि माझ्या साड्या तळहाताने एका अंगाला सारायची. घडी मोडायची नाही, नुसती सारायची. वरची साडी तेवढी थोडी तिरकी व्हायची. "माय, अर्धी पेटी माही हाय. तू पुरी कायले अडवून राह्यली?" मी दोन द्यायचे पाठीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिला चिखलीला दिली. आंदणात लोखंडी कपाट दिलं — दोन दारांचं, चॉकलेटी रंगाचं, एका दाराला लांब आरसा. खामगावच्या कपाटवाल्याला मी असं पिळलं की त्याने शेवटी हात जोडले, "मावशी, न्या. पण पुढच्या पोरीच्या टायमाले दुसऱ्या दुकानात जा." मी म्हटलं, "दुसरी पोरगी नाही बावा, म्हणून तर एवढं घासून राह्यली."

लग्नानंतर काही वर्षांनी वर्षाला कावीळ झाली. सासरच्यांनी तिला दवाखान्यात नेलं नाही. आधी काविळीचं पाणी देणाऱ्याकडे नेलं, मग दुसऱ्या गावच्या दुसऱ्याकडे. नाकात थेंब, मंतरलेलं पाणी, मनगटाला दोरा... मला कळवलं तेव्हा ती मला ओळखत नव्हती. दवाखान्यातला डॉक्टर माझ्याकडे न पाहता बोलायला लागला आणि मी समजले. तिची मुलगी आरोही तेव्हा नुकतीच बोलायला लागली होती.

म्हणून अमानवीय वगैरे गोष्टींवर माझी नुसती अश्रद्धा नाही, मला त्यांची चीड आहे. त्या असल्या विश्वासानेच माझी पोर गेली. मी भर अंगणात ईहिणीला, वर्षाच्या सासूला, बोलले. काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्या दिवसापासून चिखलीचं दार मला बंद झालं. नातीचा फोटोसुद्धा कुणी पाठवला नाही. जावयाने दुसरं लग्न केलं, तेही मला तिसऱ्याकडून समजलं.

मागच्या उन्हाळ्यात चिखलीकडे फिरणारी एक बाई ओट्यावर गाठोडं सोडून बसली होती. आम्ही कपडे निवडत होतो — चांगले वेगळे, फाटके वेगळे, चिंध्या वेगळ्या. त्यातून मोरपंखी साडी वर आली. मी तिचा काठ उलटून पाहिला. फॉल माझ्या शेजारच्या शबाना भाभीने लावलेला होता, शेवटी मोरपंखी धागा संपला म्हणून वीतभर काळ्या धाग्याने शिवलेला. ती शिलाई मी आंधळी असते तरी बोटांनी ओळखली असती. खाली आणखी वर्षाच्याच साड्या होत्या. हिरवी. जांभळी. लग्नातली सुद्धा.

"हे कुठून आणलं वं?"

"चिखलीवून. एका घरची सून मेली होती ना, आता नवी आली. मंग जुनीचं सारं काढून टाकलं त्याहीनं. मोठा गंज नेला."

म्हणजे स्वयंपाकाचं मोठं पातेलं. माझ्याच दुकानातून तिने नेलेलं. माझ्या दुकानातला गंज चिखलीला गेला आणि माझ्या मेलेल्या लेकीच्या साड्या माझ्या ओट्यावर आल्या. आणि ईहिणीला भावही करता आला नाही! एवढ्या साड्यांवर दोन गंज आले असते.

मी जावयाला फोन लावला. "जावईबापू, ते कपाट माह्यं हाय. वापस पाठवा. नाही तर मी टेम्पो घेऊन दारात उभी राहीन अन् गल्ली गोळा करीन." त्यांना माझा आवाज माहीत होता. कपाट आलं.

रिकामं. खणांत वर्तमानपत्रं अंथरलेली, डांबरगोळ्यांचा वास. आरशाच्या कडेला मात्र तिच्या टिकल्या तशाच चिकटलेल्या होत्या. नव्या सुनेला त्या काढायला सुचलं नसेल, किंवा हात लावायची भीती वाटली असेल. मीही काढल्या नाहीत.

कपाट मागच्या खोलीत लावलं. वरच्या खणात वर्षाच्या साड्या ठेवल्या, मधल्यात माझ्या जाण्यायेण्याच्या, अगदी खालच्यात रोजच्या. कपडे लावणं हे माझं आयुष्यभराचं काम आहे, मला कुणी शिकवू नये. घड्या सारख्या, दुमडलेली बाजू बाहेर, थप्पी भिंतीसारखी सरळ. दार लावलं, किल्ली कमरेला खोवली, दुकानात गेले.

दुपारी जेवायला आले आणि कपाट उघडलं. खालच्या खणातल्या साड्या एका अंगाला सारलेल्या होत्या. अर्धा खण मोकळा. वरची साडी थोडी तिरकी.

मला आधी राग आला. कोण घरात शिरलं म्हणून मी गल्लीत दोघींशी भांडले. पुन्हा साड्या लावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी तो खण ठासून भरला. चादरी, टॉवेल, स्वेटर... बोट शिरणार नाही असा. दुपारी पाहते तर सगळं एका बाजूला, वरच्या पत्र्याला टेकेल एवढी थप्पी, आणि उरलेली अर्धी जागा मोकळी. वर्तमानपत्रसुद्धा हाताने फिरवल्यासारखं सपाट. कपाट एका बाजूला कलतं असेल म्हणून खाली लाकडी पट्ट्या सरकवून पाहिल्या, मग कपाट फिरवून दुसऱ्या भिंतीला लावलं. काही फरक नाही. मधल्या खणाला, वरच्या खणाला कधी धक्का लागला नाही. फक्त खालचा.

शेवटी शबाना भाभीला बोलावलं. ती नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा मशीन थांबवत नाही, अशी बाई. म्हटलं, "तुही शिलाई घेऊन या कपाटासमोर बस. मी दुकानात आहे." दुपारी येऊन पाहिलं तर ती भिंतीला पाठ लावून बसलेली, हातातला ब्लाउज तसाच.

"बाई, मी नजर हटवली नाई. नमाजाले उठली तेवढीच. आवाज नाई, काई नाई. उघडून पाहा."

उघडलं. अर्धा खण मोकळा.

मग मी म्हटलं, "वर्षा असन. तिच्या साड्यांले जागा मागून राह्यली." माझ्या तोंडून असं वाक्य निघेल हे मला कुणी आदल्या महिन्यात सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली दिली असती. वरच्या खणातून तिच्या साड्या काढल्या आणि त्या मोकळ्या जागेत लावल्या. मोरपंखी सगळ्यांत वर. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या साड्याही सारलेल्या. माझ्या साड्यांवर रचलेल्या. जागा पुन्हा मोकळी.

भाभी कपाटासमोर वाकली, हात पुढे करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या खाली मोठी बाई कायले आपले कपडे ठेवीन? कंबर मोडते वाकताना. इथं कोणाचा हात पोचते ते पाह्य ना."

"कोणाचा?"

"लेकराचा. तिनं स्वतःसाठी नाई मागितली जागा. पोट्टीसाठी मागून राह्यली."

मी तिच्यावर ओरडले. डोकं फिरलं का, घरी जा, म्हटलं. ती गेली. मी मात्र पदर घेतला आणि बाजारात जाऊन आरोहीच्या वयाच्या अंदाजाने फ्रॉक घेतले, एक परकर-पोलकं घेतलं, मोजे घेतले. भाव केला नाही. दुकानदार मला ओळखतो. तोच घाबरला. "मावशी, तब्येत बरी हाय ना?"

ते कपडे त्या अर्ध्या जागेत लावले. पिशवी घडी करून गादीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी कपडे तसेच. त्यानंतरही तसेच. एकही घडी हलली नाही. मी दुपारी ताट घेऊन त्या कपाटासमोर जेवायला बसायला लागले. दार उघडं ठेवून. वर्षा गेल्यानंतर मला अन्नाला चव आली ती त्या दिवसांत.

मग मी ठरवलं. चिखलीला जायचं आणि नात मागायची. पाय धरावे लागले तरी.

न कळवता गेले. वाटलं होतं दारातूनच हाकलतील. पण ईहीण म्हणाली, "या, बसा." नव्या सुनेने पाणी दिलं, चहा ठेवला. बिचारी चांगली होती, मान वर न करता वावरत होती. आरोही दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दोन वेण्या, आणि कपाळ वर्षाचं.

"तुम्ही मेहकरची आजी?"

"हाव."

"तुमच्या घरी काय हाय?"

"भांडे हाय, ढीगभर. अन् तुह्यासाठी कपाटात जागा हाय. अर्धा खण."

तिने विचार केला. "अर्धाच कायले? पुरा काऊन नाई?"

मला हसू फुटलं. रक्त बोललं म्हटलं. ईहीणसुद्धा हसली. त्या घरात मी हसले, हे मला आता आठवलं की बसवत नाही.

जावई म्हणाले, "आई, झालं ते झालं. तुमची नात आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस न्या तिला."

मी ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "चार दिवस? बाकी सालभराचं काय? उन्हाळाभर पाठवा. अन् महिन्यातून एकदा."

"उन्हाळाभर नाही जमणार. चार दिवस म्हटलं ना. मग पुढचं पुढे पाहू."

"मी अख्खी लेक दिली होती तुम्हाले. तुम्ही तिच्या साड्यांवर गंज घेतला. अन् मले चार दिवस देता?"

ईहिणीचा चेहरा बदलला. "ईहीणबाई, तुमच्या जिभेपायीच सारं होऊन राह्यलं. घ्यायचं असन तर घ्या. नाही तर राहू द्या."

मी उठले.

'नाही परवडत मले' असं म्हटलं, पिशवी उचलली आणि निघाले. चपला सावकाश घातल्या. अंगण सावकाश ओलांडलं. मागे वळून पाहिलं नाही. फाटकाची कडी गंजलेली होती, ती काढायला वेळ लागला, मी आणखी थोडा लावला. मागून चहाच्या कपांचा आवाज आला — उचलून आत नेल्याचा. मग आरोहीचा आवाज आला, "आजी चालली?" आणि कुणीतरी म्हणालं, "आत ये तू." मग दार लागलं.

हाक आली नाही.

मी वळणापर्यंत गेले. तिथे एका पानटपरीच्या सावलीत उभी राहिले. बराच वेळ. टपरीवाल्याने विचारलं, "कोणाची वाट पाहून राह्यल्या का मावशी?" शेवटी एसटीत बसले.

मी अजूनही म्हणते, हाक त्यांनी मारायला पाहिजे होती. पहिल्या बोलण्याला कुणी हो म्हणतं का? त्यांनी आठ दिवस म्हणायचं, मी पंधरा म्हणायचं, कुठेतरी मधे जमलं असतं. असंच असतं. तीच रीत आहे. एवढी साधी गोष्ट त्या घरात कुणाला कळू नये?

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. कुलूप मीच लावलेलं, मीच काढलं. किल्ली दिवसभर माझ्या कमरेला होती. मागच्या खोलीत गेले आणि उंबऱ्यावरच थांबले.

गादीवर पिशवी ठेवलेली होती. बाजारातून आणलेली, मी घडी करून गादीखाली ठेवली होती तीच. आत फ्रॉक, परकर-पोलकं, मोजे. घडीवर घडी, व्यवस्थित. आमच्या धंद्यात सौदा मोडला की घरवालीचे कपडे आम्ही असेच परत करतो. फेकत नाही, टाकत नाही... तिच्या गाठोड्यात जसे होते तसे घालून तिच्या पुढे ठेवतो.

कपाट उघडलं. खालच्या खणात माझ्या रोजच्या साड्या पसरलेल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारख्या अंतराने, दुमडलेली बाजू बाहेर. मी लावते तशा. कुठेही मोकळी जागा नव्हती. आणि वर्षाच्या साड्या पुन्हा वरच्या खणात, पहिल्या दिवशी मी ठेवल्या होत्या त्याच क्रमाने. मोरपंखी सगळ्यांत खाली.

भाभीला हाक मारली. ती आली, पाहिलं, आणि तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. मी रडले नाही. मला राग आला होता. कुणाचा ते मात्र अजून ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चिखलीला फोन लावला. चार दिवस तर चार दिवस, म्हणणार होते. उचलला नाही. पुढे नंबर लागेनासा झाला. दिवाळीच्या आधी स्वतः गेले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पोराला पुण्याकडे कंपनीत काम लागलं, सगळे तिकडे गेले. पत्ता? "आम्हाले काय माहीत बाप्पा." कदाचित खरंच माहीत नसेल. कदाचित मला द्यायचा नसेल.

ते कपाट तिथेच आहे. मी रोज सकाळी खालच्या खणातल्या साड्या स्वतःच एका अंगाला सारते. तळहाताने, घडी न मोडता. फ्रॉक लावते. दुपारी जेवायला येते आणि उघडते. जसं ठेवलं तसंच असतं. मुद्दाम विस्कटून ठेवलं तर विस्कटलेलंच राहतं. पुन्हा कधी काही सरकलं नाही. लोखंडी कपाट आहे, त्यात कपडे आहेत, एवढंच. एके काळी मी हीच गोष्ट लोकांना पटवून सांगत होते.

ते काय होतं, मला माहीत नाही. वर्षा होती का? असेल तर ती जागा मागत होती की मला जागा दाखवत होती? आणि कुलूप लावलेल्या घरात, चिखलीच्या त्या बैठकीत सौदा मोडला हे कुणाला कळलं? भाभीला विचारलं तर ती म्हणते, सोड बाई. ग्रुपवर शिकलेली माणसं आहेत, कुणाला काही सुचत असेल तर सांगा. मात्र मला पूजा, दोरा, उतारा सांगू नका. त्या रस्त्याने मी जाणार नाही.

एक मात्र करते, ते कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी गल्ली झोपलेली असते. मी कपाटाचं दार उघडते, टिकल्यांच्या आरशात न पाहता खालच्या खणाशी वाकते आणि हाक मारते. मला दारोदार यायची तशीच हाक. "ये वं बाई वापस. घे तुह्या भावात."

मग थोडा वेळ तशीच वाकून राहते. कंबर दुखायला लागली की दार लावते आणि दुकानात जाते.